बुडालेल्या झाडाची उंची : एका अठरा फुटी नावेवर फिशफाइंडर बसवला त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझे काका इंदूरच्या रामबागेत राहतात. सगळी नोकरी त्यांनी सिंचन खात्यात नकाशे काढण्यात घालवली. निवृत्तीनंतर खंडवा भागातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने ते इंदिरा सागरच्या काठावरच्या एका छोट्या मच्छीमार संस्थेचे हिशेब बघू लागले. महिन्यातून दोनदा सिमरोल, भेरूघाट, बडवाह, सनावद असा प्रवास करायचा, एक रात्र तिथेच राहायचं, वह्या तपासून परत यायचं. माझं महारानी रोडच्या बाजूला इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे. नावेशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो काकांमुळे आला.

गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव चालवणाऱ्याला आम्ही केवटदादा म्हणतो, इथेही तसंच म्हणू.

इंदिरा सागर हे नर्मदेवरचं धरण. पूर्ण पातळी २६२.१३ मीटर, आणि भरलं की नऊशे चौरस किलोमीटरहून जास्त जमीन पाण्याखाली. बुडीतातलं हरसूद गाव २००४ च्या जूनअखेर रिकामं झालं आणि त्यानंतर पाणी चढत गेलं. त्याखाली घरं, विहिरी, बांध गेले आणि न तोडलेली झाडंही गेली. साग, अंजन, महुआ. खोल पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे लाकूड कुजायला फार वर्षं लागतात. वर सगळा आरसा आणि खाली उभं रान, असा हा जलाशय आहे.

संस्थेची नाव अठरा फुटी, फायबरची. मागे दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, दोरी ओढून सुरू होणारं. माणसं तीन. जाळी गिलनेटची, वरच्या काठाला तरंगणारे बोळे, खालच्या काठाला शिसं, पाण्यात उतरल्यावर साधारण पाच मीटर उंचीचा पडदा.

अडचण

पडदा झाडात अडकायचा. अडकलं की ओढायचं, ओढलं की फाटायचं, नाही ओढलं तर सगळंच तिथे सोडून यायचं. आदल्या हंगामात अकरा जाळी अशी गेली होती. काकांनी खर्डा तपासताना हा आकडा पाहिला तेव्हा त्यांना आधी वाटलं की कुणीतरी हिशेबात घोळ घालतोय.

पूर्वी हा प्रश्न इतका मोठा नव्हता. गावात एक म्हातारे होते, त्यांना बुडण्याआधीचं शिवार पाठ होतं. कुठे कुणाची अमराई, कुठे नाल्याकाठचा महुआ, कुठे पडीक. नावेत बसून ते हात करून सांगायचे. ते वारले. आता नावेवर जी पोरं आहेत त्यांनी ती जमीन पाहिलेलीच नाही, कारण पाणी आलं तेव्हा त्यांचा जन्म तरी झालेला नव्हता किंवा ती आईच्या कडेवर होती.

समोरचे पर्याय

संस्थेच्या ओट्यावर बसून जे बोलणं झालं त्यात चार गोष्टी पुढे आल्या.

एक, जुनाच प्रकार. दोरीला दगड बांधून खोली मोजायची आणि उथळ जागी बांबू टेकवायचा. खर्च शून्य. पण दगड एका बिंदूची खोली सांगतो. दोन हातांवर उभं असलेलं झाड त्याला कळत नाही.

दोन, अडकलेल्या प्रत्येक ठिकाणी रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून खूण करायची. हे त्यांनी करून पाहिलं होतं. पाणी उतरलं की दोरी ढिली पडते, डबा वाऱ्याबरोबर दहा-पंधरा हात सरकतो, आणि काही डबे लोक घरी नेतात.

तीन, जुन्या नदीपात्राच्या मोकळ्या पट्ट्यातच जाळी टाकायची. पण तिथे सगळेच टाकतात.

चार, सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून खोली आणि खाली काय आहे ते दाखवणारं मशीन, फिशफाइंडर म्हणतात तेच. हे मी सुचवलं नव्हतं, केवटदादांच्या भाच्याने मोबाइलवर पाहिलं होतं. पाण्यात फेकायचा चेंडूसारखा सेन्सर मिळतो आणि चित्र फोनवर येतं. तो स्वस्त असतो, पण चालत्या नावेमागे ओढायला तो नाही, आणि उन्हात फोनची काच दिसत नाही. म्हणून बसवायच्या मशीनकडे आलो. साधं खोली दाखवणारं, त्यावर जीपीएस असलेलं, आणि त्याहून वर झाडाच्या फांद्या फोटोसारख्या दाखवणारं, साडेचारशे-आठशे किलोहर्ट्झवर चालणारं. शेवटचं बजेटबाहेर गेलं. पाच इंची पडदा, जीपीएस आणि ८३ व २०० किलोहर्ट्झ अशा दोन फ्रीक्वेन्सी असलेलं मधलं मशीन ठरलं.

जीपीएससाठी मी हट्ट धरला. झाड दिसलं आणि ते कुठे आहे याची नोंद राहिली नाही, तर उद्या पुन्हा तेच झाड शोधायचं. हा हट्ट बरोबर ठरला. इतर काही हट्ट चुकले, ते पुढे येतील.

भोक पाडायचं की नाही

मशीन घरी आलं ऑक्टोबरमध्ये. काकांनी उत्साहाने गच्चीवरच्या टाकीत ट्रान्सड्यूसर, म्हणजे मशीनचा पाण्यात बुडवायचा भाग, सोडून पाहिला. पडद्यावर नुसता कचरा आला आणि ते म्हणाले, "अरे, हे परत करून ये. बिघडलेलं दिलंय." बिघडलेलं नव्हतं. ट्रान्सड्यूसर ध्वनीचा ठोका सोडतो आणि लगेच कान लावून बसतो. ठोका सोडल्यावर तो स्वतःच काही क्षण थरथरत राहतो, त्या काळात आलेला प्रतिध्वनी त्याला वेगळा ऐकू येत नाही. मीटरभर पाण्याच्या टाकीत चारी भिंतींचे प्रतिध्वनी त्या थरथरीतच मिसळतात. टाकीत तपासायचं ते एवढंच की मशीन सुरू होतं का, ठोक्याची टिकटिक येते का, तापमान बरोबर दाखवतं का.

खरा वाद ट्रान्सड्यूसर बसवण्यावरून झाला. तो नावेच्या मागच्या फळीवर पाण्याखाली बसतो आणि त्यासाठी फळीत स्क्रू मारावे लागतात. केवटदादा स्पष्ट म्हणाले, नावेला पाण्याखाली भोक पाडायचं नाही. मला तो अडाणीपणा वाटला आणि मी तसं काकांना म्हणालोही. दुसऱ्या दिवशी फळी ठोकून पाहिली तेव्हा कळलं की आत प्लायवुड आहे, वरून फायबर चढवलेलं. अशा फळीतल्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं तर दोन-तीन वर्षांत प्लाय आतून भुसभुशीत होतो आणि इंजिनसकट फळी हलायला लागते. त्यांना प्लाय दिसत नव्हता, पण त्यांची भीती खरी होती.

मग भोकाविना दोन मार्ग.

पहिला, नावेच्या आतून तळालाच ट्रान्सड्यूसर चिकटवायचा आणि ध्वनी फायबरमधून खाली जाऊ द्यायचा. भरीव फायबरमधून तो जातो, थोडी ताकद गमावून. पण मधे लाकूड, फोम किंवा हवा असेल तर अडतो. चिकटवून टाकण्याआधी आम्ही एक सोपी तपासणी केली, आणि या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट बहुधा तीच. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं, ट्रान्सड्यूसर त्यात ठेवला, पिशवी ओल्या तळावर दाबून धरली आणि नाव काठापासून आत नेली. पाच मीटरपर्यंत खोली आली, त्यापुढे पडदा कोरा. तळ ठोकला तर आवाज बद्द. दोन थरांत फोम होता. इपॉक्सीने चिकटवून बसलो असतो तर ट्रान्सड्यूसर फोडूनच काढावा लागला असता.

दुसरा मार्ग, मागच्या फळीवर आणखी एक छोटी पट्टी चिकटवायची आणि स्क्रू त्या पट्टीत मारायचे. मी सियागंजातून पांढऱ्या प्लास्टिकचा जाड कटिंग बोर्ड आणला, कापला आणि इपॉक्सीने चिकटवला. दुसऱ्या दिवशी वेग घेताच तो निघाला. पॉलिथिनला कुठलाही गोंद नीट धरत नाही. प्लास्टिकच्या डब्याला चिकटपट्टी सुद्धा टिकत नाही हे रोज पाहत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. ट्रान्सड्यूसर वाचला तो केवटदादांनी न विचारता त्याला बांधून ठेवलेल्या नायलॉनच्या सुतळीमुळे. ती सुतळी आजही आहे.

तिसऱ्या खेपेला सांवेर रोडच्या एका फायबरच्या कारखान्यातून बारा मिलिमीटर जाडीचा फायबरचाच तुकडा बनवून घेतला, दोन्ही पृष्ठं घासून खरखरीत केली आणि नावेच्याच जातीच्या रेझिनने जोडली. एक दिवस वाळू दिली. स्क्रू दहा मिलिमीटरच आत गेले, म्हणजे पट्टीतच थांबले. त्यांच्या भोवती पॉलियुरेथेन सीलंट भरलं. बाथरूमचं सिलिकॉन नाही, ते पाण्याखाली सुटतं.

जागा कुठली, हेही सोपं नव्हतं. इंजिनच्या पंख्यापासून निदान हातभर दूर, कारण पंख्याभोवती पाण्यात बुडबुडे असतात आणि बुडबुडा म्हणजे ध्वनीला भिंत. पुढे पाहताना उजव्या बाजूला, कारण आमचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि त्या बाजूला त्याची पाती खाली जातात. तळावरच्या लांब उंचवट्यांच्या, म्हणजे कण्यांच्या, रेषेत नाही, तेही बुडबुडे ओढतात. ट्रान्सड्यूसरचं तोंड तळापेक्षा तीनेक मिलिमीटर खाली आणि मागचं टोक किंचित झुकलेलं. पहिल्या बसवणीत आम्ही तो तळाच्या बरोबरीत ठेवला होता. नाव उभी असेपर्यंत चित्र सुंदर, वेग घेतला की कोरं. चार मिलिमीटर खाली सरकवल्यावर जाळी टाकायच्या वेगात चित्र टिकलं.

वीज, म्हणजे माझा विषय

इथे मी चुकणार नाही असं वाटलं होतं.

नावेवर एक बारा व्होल्टची बॅटरी होती, तिच्यावर रात्रीचे दोन एलईडी दिवे आणि मोबाइल चार्ज करायचा एक स्वस्त ॲडॉप्टर. मशीन फार तर पाऊण अँपिअर घेतं, म्हणून त्याच बॅटरीवर जोडलं. पडद्यावर तिरक्या ठिपक्यांच्या ओळी. कधी पाण्याच्या मधोमध ठसठशीत पट्टा, जणू तिथे मासळीचा बाजार भरलाय. केवटदादा खूश. त्यांनी एकदा तिथे जाळं टाकलंही. पाच रुपयांचीही मासळी आली नाही.

अशा वेळी एकेक गोष्ट बंद करत जायचं. इंजिन बंद, पट्टा कायम. दिवे बंद, फरक नाही. मोबाइलचा ॲडॉप्टर काढला आणि पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना तो ॲडॉप्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याची कुरकुर तारांतून आणि हवेतून मशीनमध्ये शिरत होती. रोज दुकानात हेच दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते सुचायला दोन दिवस लागले.

मग मशीनला स्वतंत्र सात अँपिअर-तासाची छोटी बॅटरी दिली. दिवसभर पुरते. बॅटरीच्या अगदी जवळ तीन अँपिअरचा फ्यूज. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या तारांच्या विरुद्ध बाजूने नेली. उरलेली केबल कापली नाही, सैल मोठा वेटोळा करून बांधली. ती केबल कापून जोडली की आतलं कवच तुटतं आणि गोंगाट आत येतो.

पडदा वाचायला शिकणं

मशीन वाचण्यातली सगळ्यात मोठी गल्लत ही की लोकांना तो पडदा म्हणजे नावेखालचं चित्र वाटतो. ते चित्र नाही. उजव्या काठची एक उभी रेघ एवढंच ‘आत्ता’, आणि त्याच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. नाव उभी ठेवली आणि खाली एकच फांदी असली तरी पडद्यावर ती सरळ आडवी पट्टी म्हणून लांबत जाते. केवटदादांनी ती पट्टी पाहून विचारलं, "इतका लांब मासा?"

मासा कमानीसारखा दिसतो, कारण खाली जाणारा ध्वनी शंकूसारखा पसरतो आणि मासा त्या शंकूतून आरपार जातो. शंकूच्या काठावर तो लांब, म्हणून खोल दिसतो, मध्यभागी जवळ, म्हणून वर, पुन्हा काठावर लांब. नाव किंवा मासा, कुणीतरी हललं पाहिजे. कमान अर्धी आली तरी मासा असू शकतो.

मशीनमध्ये माशाचं चिन्ह दाखवायची सोय असते. विकणारा ती मोठ्या कौतुकाने दाखवतो. आम्ही ती चालू ठेवली आणि पहिल्याच आठवड्यात त्या चिन्हांनी भरलेल्या जागी जाळं टाकलं. ती सगळी फांद्यांची टोकं होती. झाडं टाळायला आणलेल्या मशीनने आम्हाला थेट झाडात नेलं आणि बारावं जाळं गेलं. संध्याकाळी ओट्यावर कुणी काही बोललं नाही. काकांनी मात्र रजिस्टरात ‘जाळे १, कारण : यंत्र’ असं लिहिलं, आणि मी ते खोडून ‘कारण : चिन्ह’ असं लिहावं असा आग्रह धरला. चिन्ह त्याच रात्री बंद केलं.

फ्रीक्वेन्सीचं गणित मात्र काकांना लगेच कळलं, कारण ते भूमितीचंच आहे. २०० किलोहर्ट्झचा शंकू अरुंद, सुमारे वीस अंशांचा. पंधरा मीटर खोलीवर त्याचं वर्तुळ पाच-साडेपाच मीटरचं. ८३ चा साठ अंशांचा, त्याच खोलीवर सतरा मीटरचं. रुंद शंकू आजूबाजूचं जास्त झाड पकडतो, पण ते नावेच्या बरोबर खाली आहे की आठ मीटर बाजूला, हे सांगत नाही. आणि बाजूच्या झाडाचं अंतर तिरकं मोजलं जातं, म्हणून ते आहे त्यापेक्षा खोल दिसतं. तेव्हा ठरलं : शोधायला ८३, खूण करायला २००. झाड रुंद शंकूत दिसलं की हळू हळू त्याच्यावरून दोन दिशांनी जायचं आणि अरुंद शंकूत ज्या क्षणी सगळ्यात उथळ दिसेल तेव्हा बटण दाबायचं. जीपीएसची स्वतःची चूकही तीन-पाच मीटर असते, म्हणून प्रत्येक खुणेभोवती दहा मीटर मोकळे सोडायचे.

उथळ पाण्यात एक धोका वेगळाच निघाला. काठाजवळच्या खडकाळ तळावर मशीन कधी कधी दुप्पट खोली दाखवतं. ध्वनी तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली जातो आणि दुसऱ्यांदा वर येतो. पहिला प्रतिध्वनी त्या थरथरीत हरवला तर मशीन दुसरा धरून बसतं. पडद्यावर २.४ मीटर होते आणि पंख्याने दगड खाल्ला. दीड माणूस पाण्यात मशीनपेक्षा बांबू बरा. केवटदादांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन.

खरी चूक

नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही खुणा करत गेलो. पन्नासच्या वर झाडं. प्रत्येक खुणेचं नाव म्हणजे शेंड्याची खोली : ‘झाड ७’, ‘झाड ४’. जाळी जाणं थांबलं. संस्थेने चहा पाजला.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोन जाळी अडकली, दोन्ही खूण केलेल्या झाडांवर. ‘झाड ७’ वरून पाच मीटरचा पडदा जायलाच हवा होता, वर दोन मीटर सूट होती.

काकांनी फोनवर ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "पातळी किती होती रे त्या दिवशी?"

कुठल्या दिवशी, मी विचारलं.

"दोन्ही दिवशी."

नकाशा काढणाऱ्या माणसाला खोली हा आकडाच अर्धवट वाटतो. खोली कशापासून? फिशफाइंडर सांगतो ती आजच्या पाण्यापासून खोली, खरं म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून. जलाशयाचं पाणी पावसाळ्यानंतर दर आठवड्याला उतरतं, झाड जागचं हलत नाही. आम्ही ज्या दिवशी ‘झाड ७’ लिहिलं त्या दिवशी जलाशयाची पातळी होती २६१.२. म्हणजे शेंडा २५४.२ वर. फेब्रुवारीत पातळी २५७.१ वर आली होती. शेंडा पाण्याखाली उरला फक्त २.९ मीटर आणि आम्ही त्यावर पाच मीटरचा पडदा सोडला होता.

हे कळायला इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. वजाबाकी लागते.

दुरुस्ती अशी केली. प्रत्येक खुणेत खोलीऐवजी शेंड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची. जलाशयाची रोजची पातळी धरणावर नोंदली जाते, ती संस्थेला कळतेच. पातळीतून खोली वजा केली की उंची. जाळी टाकायला जाताना उलट : आजच्या पातळीतून शेंड्याची उंची वजा. जुन्या खुणांचं काय? मशीनने खुणेसोबत तारीख ठेवली होती, म्हणून त्या दिवसाची पातळी शोधून बहुतेक सुधारता आल्या. काही खुणा भाच्याने मेमरी भरली म्हणून नावं बदलून पुन्हा साठवल्या होत्या, त्यांची मूळ तारीख गेली. त्या पंधरा-सोळा पुन्हा मोजाव्या लागल्या.

काकांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांच्याकडे बुडण्याआधीच्या भागाची सर्व्हे ऑफ इंडियाची पन्नास हजारी, म्हणजे १:५०,००० प्रमाणाची, नकाशाची शीट होती. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस मीटरच्या अंतराने, म्हणजे बारीक कामाला निरुपयोगी. पण २४० ची रेषा जिथे नाल्याला ओलांडते तिथे नाव नेली आणि तळ मोजला. त्या दिवशी तिथे सोळा-साडेसोळा मीटर यायला हवे होते, मशीनने १६.३ दाखवले. मशीन खरं बोलत होतं याची ही पहिली स्वतंत्र साक्ष. आधी घ्यायला हवी होती. टाकीत बुडवण्याऐवजी इथेच.

देखभाल

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण जे टाळलं त्याची फळं दिसली. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर महिनाभरात शेवाळाचा बुळबुळीत थर येतो आणि चित्र फिकट होत जातं. ते इतकं हळू होतं की मशीन म्हातारं झालंय असं वाटून आवाज वाढवत जातो, म्हणजे संवेदनशीलता. भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ फडकं पुरे. एका पोराने चाकूने खरवडलं, तोंडावर दोन चरे पडले. चित्रावर परिणाम झाला नाही, पण पुढचं शेवाळ आधी त्या चऱ्यांत धरतं. नव्या ट्रान्सड्यूसरवरही कारखान्याचा तेलकटपणा असतो, तोही साबणाने काढायचा, नाहीतर पृष्ठभागावर बुडबुडे चिकटून राहतात.

पडद्याची काच पेट्रोलच्या फडक्याने पुसायची नाही. नावेवर हाताशी पेट्रोलचंच फडकं असतं, म्हणून हे सांगावं लागतं. जोडणीच्या पिना कोरड्या ठेवायच्या. रोज संध्याकाळी पडदा काढून घरी, ट्रान्सड्यूसर नावेलाच. काकांच्या घरून चष्म्याचं जुनं फडकं संस्थेत गेलं आहे.

परिणाम

हंगामात एकूण पाच जाळी गेली, आदल्या वर्षी अकरा. त्यातलं एक चिन्हाच्या नादात, दोन पातळीच्या चुकीने. उरलेली दोन खूण न केलेल्या झाडांत. मशीनमुळे मासळी वाढली का, याचं उत्तर मी देणार नाही. या एका हंगामात पाऊस, पाणी आणि बाजारभाव सगळंच बदललं, आणि मशीन हे मासे शोधायला नाही तर झाडं शोधायला आणलं होतं.

एप्रिलअखेर मी तिकडे गेलो होतो तेव्हा ‘२५४.२’ च्या झाडाजवळून गेलो. पाण्यातून हातभर फांदी वर आली होती आणि तिच्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्या दिवशीची पातळी होती २५४.६. म्हणजे आमच्या आकड्याप्रमाणे शेंडा अजून पाण्याखाली चाळीस सेंटिमीटर असायला हवा होता. अंगठ्याएवढी ती डहाळी मशीनला दिसलीच नव्हती. काकांनी तिथेच वही काढली आणि सगळ्या उंचींत एक मीटर वाढवून धरायचं ठरलं.

पुन्हा करायचं झालं तर

फांद्या दाखवणारं महागडं मशीन तेव्हा घ्यायला हवं होतं का? पाणकावळा पाहिल्यावर मला वाटलं हो. काकांचं म्हणणं, ते घेतलं असतं तरी पातळी न लिहिण्याची चूक केलीच असती, फक्त जास्त स्पष्ट चित्रासकट. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक मीटरची सूट सरसकट धरल्याने काही चांगल्या जागा आम्ही विनाकारण सोडतोय हेही खरं.

पिशवीची तपासणी पुन्हा करेन. फायबरचा तुकडा पहिल्याच दिवशी लावेन. मोबाइलचा ॲडॉप्टर नावेवर चढूच देणार नाही, पोरं ऐकतील तेवढं. पहिल्या फेरीतच समोच्च रेषेवर जाऊन तळ ताडून पाहीन. आणि खुणा एकाच्याच हातात ठेवीन. भाचा हुशार आहे, पण मेमरी साफ करायची त्याला फार घाई.

केवटदादांचं एक म्हणणं आम्ही वेळेवर ऐकलं नाही. पहिल्या महिन्यात ते म्हणाले होते की म्हाताऱ्याच्या बायकोला विचारा, तिलाही शिवार माहीत आहे. आम्ही मशीनच्या नादात होतो. मे महिन्यात काका तिच्याकडे जाऊन बसले, शीट पसरली. तिला नकाशा कळत नाही, पण नाल्याची दोन वळणं ओळखीची निघाली, आणि तिथून ती बोटाने चालत गेली. सात महुए सांगितले. त्यातले चार आमच्या खुणांत आधीच होते. एक सापडला नाही, बहुधा तोडला असेल. दोन नवे होते, आणि त्यातला एक बरोबर त्या जागी जिथे आमचं एक जाळं खुणेशिवाय अडकलं होतं.

१६ जूनला मासेमारीचा बंद हंगाम सुरू झाला. मशीन रामबागेत काकांच्या कपाटात आहे, छोटी बॅटरी महिन्यातून एकदा माझ्या दुकानात चार्जिंगला येते. १५ ऑगस्टनंतर पाणी चढलेलं असेल तेव्हा पहिली फेरी त्या दोन महुआंवरून घ्यायची आहे. वहीत त्यांच्यापुढे उंचीचा रकाना अजून कोरा आहे.